उतरलेलं वजन टिकतं कशानं?

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी अकोला, वाडेगाव करत आमच्या पातूरला येते. इथून पुढे घाट चढून मेडशी-मालेगावच्या वाटेनं ती पंढरपूरकडे जाते. जवळपास ७०० किलोमीटरचा हा रस्ता, महिनाभराची पायपीट. पातूरची माणसं त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असतात आणि त्यातली काही जण पिशवी खांद्याला लावून पालखीबरोबर पुढे निघतात.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना पेशंट असाच वारीला गेला. पंचावन्न वर्षांचा, किराणा दुकानदार, वजन ८१ किलो आणि मधुमेह. परत आला तो थेट दवाखान्यात. आधी वजनकाट्यावर उभा राहिला आणि मग माझ्यावर रागावला. म्हणाला, "डाक्टरसायेब, महिनाभर चाललो. पायाले फोडं आले. अन् काटा पहा, दीड किलो बी उतरला नाही. मंग चालून फायदा काय झाला जी?"

मी त्याची उपाशीपोटीची साखर तपासली. जाण्यापूर्वी ती १६८ होती, आता १२४ होती. गोळ्या त्याच, डोस तोच. कमरेचा पट्टा त्यानं स्वतःच दाखवला, दोन भोकं आत गेला होता. काटा मात्र हलला नव्हता. त्याचा प्रश्न काही खोटा नव्हता. असाच प्रश्न घेऊन रोज कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. चालून वजन उतरत नसेल तर चालायचं कशाला? आज या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. आणि हे उत्तर मला पुस्तकात वाचून नाही, स्वतःचं पोट वाढल्यावर कळलं, हेही सांगतो.

आधी चयापचय म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्याला मेटाबॉलिझम म्हणतात आणि आता खेड्यातली पोरंसुद्धा हा शब्द वापरतात. चयापचय म्हणजे शरीराचा चोवीस तासांचा जमाखर्च. आपण जे खातो ती जमा. खर्चाची खाती तीन. पहिलं खातं सगळ्यांत मोठं. आपण काहीही न करता नुसते पडून असलो तरी मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं यांचं काम चालूच असतं. दिवसाच्या एकूण खर्चापैकी साठ-सत्तर टक्के खर्च इथं होतो. दुसरं खातं अन्न पचवण्याचं, साधारण दहा टक्क्यांचं. उरलेलं तिसरं खातं हालचालीचं. आपल्या हातात जे काही आहे ते मुख्यतः या तिसऱ्या खात्यात. शेतमजुराचं हे खातं भलं मोठं असतं, माझ्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्याचं अगदी किरकोळ.

आता साधा हिशेब करू. ७० किलोच्या माणसानं एक किलोमीटर चालल्यावर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. बसस्टँडवर गरम कचोरी मिळते. ती आकारानं कशी आहे त्यावर आहे, पण एका कचोरीत दीडशे-दोनशे कॅलरी सहज असतात. म्हणजे एक कचोरी जिरवायला तीन-चार किलोमीटर चालावं लागतं. खायला दोन मिनिटं आणि चालायला पाऊण तास. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ती नुसती चालून उतरवायची तर दीडशे किलोमीटर चालायला हवं. पातूरहून अकोल्याला पायी जाऊन परत यायचं, असं दोनदा केलं तरी ते पुरत नाही.

मग वारीचं काय? ७०० किलोमीटरचे कागदावर ३५,००० कॅलरी होतात, म्हणजे साडेचार किलो चरबी. पण वारीत चालणाऱ्याला भूकही वारकऱ्यासारखीच लागते आणि वाटेतली गावं कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-बुंदी, रात्री वरण-भात. शिवाय शरीर हे मोठं हिशेबी आहे. एका बाजूनं खर्च वाढला की ते दुसऱ्या बाजूनं हात आखडतं. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत. शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा दिवसाचा खर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकारमानाचा विचार करता तो शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच निघाला. तेव्हा दुकानदाराचं गणित कुठं चुकलं हे तुमच्या लक्षात आलं असेल. व्यायामानं वजन उतरतं, पण थोडं आणि हळू. वजन उतरवणं हे मुख्यतः ताटाचं काम आहे.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग नुसतं खाणं कमी करू, व्यायामाची कटकट कशाला? हीच चूक मी स्वतः केली.

१९९४ साली मी पातूरला दवाखाना टाकला तेव्हा माझं वजन ६२ किलो होतं. तेव्हा सायकल होती. आजूबाजूच्या खेड्यांत पेशंट पाहायला मी सायकलनं जात असे. पुढे स्कूटर आली, मग गाडी आली. मग पेशंटच मोटारसायकलवर बसून माझ्याकडे येऊ लागले. सकाळी नऊ ते रात्री नऊ मी खुर्चीत. २०११ साली माझं वजन ८४ किलो झालं आणि कंबर १०२ सेंटिमीटर. पेशंटला "वजन कमी करा" असं सांगताना मी टेबलामागून उठत नसे, कारण उठलो तर माझं पोट त्यांना दिसलं असतं.

शेवटी लाज वाटली आणि मी जेवण तोडलं. सकाळी दूध, दुपारी एक भाकरी, रात्री काकडी आणि ताक. तीन महिन्यांत ९ किलो उतरले. लोकांनी कौतुक केलं. घरी मात्र बायको म्हणाली, "अहो, चेहरा उतरलाय तुमचा, पोट नाही." तिचं खरं होतं. पुढच्या दीड वर्षात ते ९ किलो परत आले, आणि येताना आणखी दोन किलो घेऊन आले. मी पहिल्यापेक्षा कमी जेवत होतो, तरी वजन वाढत होतं. डॉक्टर असून मला वाटू लागलं की माझ्या शरीरातच काहीतरी बिघाड आहे.

तो बिघाड नव्हता, शरीराचा स्वभाव होता. माणसाच्या शरीरानं हजारो वर्षं दुष्काळ पाहिलेत. वऱ्हाडात तर दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. जेवण एकदम तोडलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करतं, भूक वाढवतं, आणि चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होत असे. तिथल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते. आणि सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. दुष्काळ संपला तरी शरीराची काटकसर संपली नव्हती.

पण त्याच स्पर्धकांमध्ये काही जण असे होते की ज्यांचं वजन बरंचसं टिकलं. त्यांच्यात वेगळं काय होतं? त्यांची चयापचय क्रिया जास्त जोरात चालत होती का? नाही. काटकसर त्यांच्याही शरीरानं केली होती. फरक होता तो हालचालीचा. ज्यांचं वजन टिकलं त्यांनी आपली रोजची हालचाल कायमची वाढवली होती, ज्यांचं परत आलं त्यांची हालचाल फारशी वाढली नव्हती. अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही ठेवलेली आहे. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या हजारो लोकांची तीत नोंद आहे. त्यांतले दहापैकी नऊ जण नियमित व्यायाम करतात, आणि सरासरी रोज सुमारे एक तास.

श्रोते हो, आज मला जी एक गोष्ट सांगायची आहे ती हीच. वजन उतरतं ते ताटामुळे, आणि उतरलेलं टिकतं ते पायांमुळे. शरीरानं पहिल्या खात्यात केलेली काटकसर तिसऱ्या खात्यातून भरून काढावी लागते. आणि ती रोज भरावी लागते.

व्यायामाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला माझ्या वडिलांकडे पाहून कळला. वडील शेतकरी होते. त्यांचं वजन तिशीतही ५८ किलो आणि सत्तरीतही ५८ किलो. त्यांनी कधी वजनकाटा पाहिला नाही, कॅलरी मोजली नाही. हंगामात चार-चार भाकरी खायचे, उन्हाळ्यात काम नसलं की दोन. मी एकदा हिशेब केला. कपाशीच्या ओळी तीन फुटांवर असल्या तर एक एकर डवरायला डवऱ्यामागे सुमारे साडेचार किलोमीटर चालावं लागतं. दिवसाला तीन एकर डवरलं तर तेरा किलोमीटरच्या वर, तेही काळ्या मातीत, बैलांमागे. त्यांच्या पोटाला तेवढंच मागायची सवय होती जेवढं अंगानं खर्च केलं.

ही नुसती माझ्या वडिलांची गोष्ट नाही. पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ कामगारांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. हमाली करणारे जास्त खात आणि सडपातळ असत. हलकं काम करणारे कमी खात आणि तेही सडपातळ असत. म्हणजे काम कमी झालं तसं खाणंही आपोआप कमी झालं. पण अगदी बैठं काम करणाऱ्यांचं काय? त्यांचं खाणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं, आणि वजनही वाढलं होतं. याचा अर्थ असा की पोटातला तराजू चालायला अंगाची थोडीतरी हालचाल लागते. माणूस अगदीच बसला की तो तराजू बिघडतो. अंगाला गरज नसताना भूक लागते. मला दवाखान्यात दुपारी चार वाजता लागायची ती भूक अशीच होती. ती पोटाची नव्हती, खुर्चीची होती.

आता दोन-तीन गैरसमजांबद्दल बोलतो.

पहिला गैरसमज वयाचा. "चाळिशी झाली, मेटाबॉलिझम मंदावला" असं आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र करून एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर चयापचयाचा वेग विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. साठीनंतर तो दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी वेगानं उतरतो. म्हणजे चाळिशीत मंदावतो तो मेटाबॉलिझम नाही, आपण मंदावतो. सायकल जाऊन स्कूटर येते, जिना टाळला जातो, स्नायू झिजतात. आपण आपला आळस वयाच्या नावावर खपवत असतो.

दुसरा गैरसमज स्नायूंचा. शहरातल्या जाहिराती सांगतात की स्नायू कमवा म्हणजे झोपेतही चरबी जळेल. खरं तर एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. तेवढ्यानं कुणी बारीक होत नाही. पण स्नायूंची खरी किंमत वेगळीच आहे. जेवल्यानंतर रक्तात आलेल्या साखरेतला मोठा वाटा स्नायूच उचलतात. काम करणारा स्नायू तर साखर अधिकच ओढून घेतो. माझ्या वारकरी पेशंटची साखर १६८ वरून १२४ वर आली ती अशी. वजनाचा काटा हललाच नाही, पण आत बरंच काही बदललं होतं. म्हणून मी पेशंटला सांगतो, काट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, हे आपल्या भारतीयांसाठीचं माप आहे.

भारतीयांसाठी वेगळं माप का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडापेरानं, स्नायूंनी लहान होती, पण चरबीत फारशी मागे नव्हती. बारीक दिसणारी, पण आतून चरबी बाळगणारी. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे ज्याला बीएमआय म्हणतात तो, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांनाही एकच आकडा सांगत होता.

आमच्या भागात याचा अर्थ काय होतो ते मी रोज पाहतो. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे, वजन जेमतेम ६० किलो, आणि साखर २५०. तो माणूस म्हणतो, "मी तं वाळलेला हाओ, मले कायची शुगर?" अशा माणसाला वजन कमी करा म्हणून सांगणं चूक आहे. त्याला हवेत स्नायू, आणि ते उपाशी राहून येत नाहीत.

उपाशी राहण्यावरून आठवलं. पन्नाशीच्या एक काकू माझ्याकडे येतात. त्यांची तक्रार ठरलेली, "मी तं एकच टाइम जेवतो जी, तरी वजन कायले वाढते?" मी त्यांना एकदा दिवसभराचं सगळं लिहून आणायला सांगितलं. जेवण खरोखर एकच वेळ होतं. पण पाच कप चहा होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसत्या साखरेचेच दीडशे-दोनशे कॅलरी झाले. आठवड्यात दोन उपास आणि दोन्ही दिवशी तुपातली साबुदाण्याची उसळ. डाळ जवळजवळ नाही, दूध-अंडी नाहीत, म्हणजे स्नायूंना खुराक नाही. आणि घरात मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन, नळ. त्यांच्या सासूबाईंनी जातं ओढलं, पाटा-वरवंटा चालवला, विहिरीवरून पाणी आणलं. ते कष्ट परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. बाईच्या वाट्याची ती हमाली गेली हे चांगलंच झालं. पण हमाली गेली आणि तिच्या जागी बाईसाठी दुसरं काहीच आलं नाही. पुरुष निदान सकाळी रस्त्यावर फिरायला निघतो. गावात बाईनं नुसतं फिरायला निघणं आजही सोपं नाही. "घरी काम नाही का?" असं विचारणारे असतातच. २०२२ सालच्या स्थितीवर आधारलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. त्या काकू आता शेजारच्या दोघींना घेऊन पहाटे निघतात. तिघी असल्या की कुणी काही विचारत नाही. वर्षभरात त्यांचं वजन ४ किलोंनी उतरलं आणि ते दोन वर्षं तिथंच आहे.

मग करायचं काय? फार काही नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही करावं. हा आरोग्यासाठीचा किमान हप्ता झाला. उतरलेलं वजन टिकवायचं असेल तर मात्र रोज पाऊण ते एक तास धरून चाला. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. तास एकदम काढता येत नसेल तर तुकडे करा. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखरेसाठी ते फार चांगलं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उजाडता उजाडता निघा, नाहीतर रात्री जेवणानंतर. पातूरकरांना तर रेणुकामातेची टेकडी आहे. पायऱ्या चढणं हा चालण्यापेक्षा जड व्यायाम. पण गुडघे दुखत असतील, छातीत भरून येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग पायरीला पाय लावा. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवा.

ताकदीसाठी जिम हवंच असं नाही. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. त्या मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब हे आपल्या वऱ्हाडाच्या घरचं धन आहे. गावोगावच्या तालमी ओस पडल्या आणि आपण महागड्या यंत्रांच्या फोटोंकडे पाहत बसलो. मी स्वतः खुर्चीवरून उठणं-बसणं यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ वेळा उठलो आणि मांड्या थरथरल्या. खुर्चीनं बिघडवलं, खुर्चीपासूनच दुरुस्तीला सुरुवात केली.

आता इंजेक्शनांविषयी विचारणा होते. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही बाजारात आली आहेत. ज्यांना गरज आहे त्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ती भूक कमी करतात, म्हणजे काम ताटाच्याच बाजूनं करतात. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, आणि इंजेक्शन थांबलं की बहुतेकांचं वजन परत येऊ लागतं. तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्याचाही व्यायाम सुटत नाही.

माझं काय झालं ते सांगून थांबतो. २०१४ साली मी पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी घाई केली नाही. ताटातून साखर आणि तळण कमी केलं, डाळ आणि उसळ वाढवली, भाकरी सोडली नाही. रोज पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस बैठका. वजन ८६ वरून ७३ वर यायला दोन वर्षं लागली. आज दहा वर्षं होऊन गेली, ते ७२-७४ च्या मध्ये आहे. कंबर ९१ सेंटिमीटर, म्हणजे मी अजून एका सेंटिमीटरनं नापास आहे. पण आता पेशंटला सांगताना मी टेबलामागून उठून उभा राहतो.

तो दुकानदार पेशंट पुढच्या वर्षीही वारीला गेला. जाण्यापूर्वी म्हणाला, "सायेब, यंदा काटा पाहणारच नाही." मी म्हटलं, "काटा पाहू नका, पण एक करा. पंढरपूरहून परत आल्यावर चालणं थांबवू नका." तो हसला. आता रोज पहाटे तो दुकान उघडायच्या आधी घाटाच्या दिशेनं चार किलोमीटर जातो आणि परत येतो. मधुमेहाची एक गोळी आम्ही कमी केली आहे. त्याचं वजन ७७ आहे. ते फार उतरलेलं नाही, पण गेली चार वर्षं वरही गेलेलं नाही.

पालखी वर्षातून एकदा आपल्या दारावरून जाते. चालायला मात्र तिची वाट पाहायची गरज नाही.